एका जन्मवर्षाचा माग

विकिपीडियावर संपादन करू लागून मला बारा वर्षे होत आली. या काळात माझ्या हातून झालेल्या चुकांपैकी जी सर्वांत जास्त टिकली, ती चार आकड्यांची होती. एका दिवंगत वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंवरील लेखात त्यांचे जन्मवर्ष १९११ असे दिलेले होते आणि त्याच्या पुढे ‘संदर्भ हवा’ हा साचा, म्हणजे लेखात लावायची तयार सूचना, कित्येक महिने तसाच लटकत होता. मी शोध घेतला. २००८ मध्ये बाईंचे निधन झाल्यावर एका नावाजलेल्या दैनिकात आलेला मृत्युलेख मिळाला. त्यात १९११ हेच वर्ष होते आणि वय सत्त्याण्णव असल्याचा उल्लेखही होता. मी मृत्युलेखाचा दुवा जोडला, साचा काढला, बदलाच्या सारांशात ‘संदर्भ दिला’ असे दोन शब्द लिहिले आणि एक काम हातावेगळे केल्याच्या समाधानात पुढच्या लेखाकडे वळले.

सुमारे तीन वर्षांनी चर्चा पानावर एका वाचकाने अत्यंत सौम्य शब्दांत विचारणा केली. बाईंच्या निवडक शोधनिबंधांच्या संग्रहाला जोडलेल्या परिचयात जन्मवर्ष १९१७ आहे, मग १९११ कोठून आले, असा त्यांचा प्रश्न होता. मी आधी तो संग्रह ग्रंथालयातून मिळवला आणि नंतर बाईंच्या पीएच.डी. प्रबंधाची स्कॅन केलेली प्रत शोधून काढली. प्रबंधाच्या अखेरच्या पानावर लेखिकेचा अर्ध्या पानाचा परिचय टंकलिखित केलेला होता आणि त्याचे पहिलेच वाक्य जन्मतारखेचे होते. वर्ष १९१७ होते. संग्रहाच्या संपादकांनीही परिचयासाठी कुटुंबीयांकडून मूळ कागदपत्रे मिळाल्याचे प्रस्तावनेत नमूद केले होते. एवढे झाल्यावर, जे काम मी तीन वर्षांपूर्वीच करायला हवे होते ते केले, म्हणजे लेखाचा इतिहास उघडून एकेक आवृत्ती मागे जात राहिले. १९११ हे वर्ष ऑक्टोबर २००६ मध्ये, नोंदणी न केलेल्या कोणा संपादकाने, सारांशाची जागा कोरी ठेवून रिकाम्या कंसात भरले होते. कोणाच्या तरी हस्ताक्षरातील इंग्रजी सात त्याला एकासारखा दिसला असेल, असा माझा तर्क आहे. मृत्युलेख मात्र २००८ चा होता आणि त्यातील शिक्षणाविषयीचा परिच्छेद आमच्या लेखातील परिच्छेदाशी जवळजवळ शब्दशः जुळत होता. म्हणजे दैनिकात कोणीतरी घाईच्या वेळी विकिपीडिया उघडला होता, आणि मी त्याच विकिपीडियातील विधानाला त्या दैनिकाची साक्ष काढली होती.

या फेऱ्याला इंग्रजीत ‘सायटोजेनेसिस’ असे नाव आहे. व्यंगचित्रकार रँडल मनरो यांनी २०११ मध्ये एका चित्रमालिकेत ते वापरले आणि ते संपादकांच्या तोंडी रुळले. प्रक्रिया अगदी साधी असते. कोणीतरी विनासंदर्भ मजकूर लेखात घालतो, एखादा पत्रकार किंवा लेखक स्रोत न सांगता तो उचलतो, आणि मग त्याच छापील मजकुराचा आधार घेऊन मूळ विधानाला संदर्भ जोडला जातो. फेब्रुवारी २००९ मध्ये जर्मनीत कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग हे अर्थव्यवस्था मंत्री होत असताना त्यांच्या मुळातच लांबलचक असलेल्या नावांच्या रांगेत कोणी अनामिकाने जर्मन विकिपीडियावर ‘विल्हेल्म’ हे आणखी एक नाव घुसवले. अनेक वृत्तपत्रांनी ते जसेच्या तसे छापले. विकिपीडियावर कोणी शंका घेतली, तेव्हा छापून आलेल्या बातम्यांचाच दाखला देऊन ते नाव काही काळ परत बसवण्यात आले. त्याआधीच्या वर्षी, २००८ मध्ये, एका अमेरिकन विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या लेखात त्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असेही म्हणतात अशी गंमत लिहून ठेवली होती. ती सुमारे सहा वर्षे टिकली आणि तेवढ्या अवधीत वृत्तपत्रांतच नव्हे, तर पुस्तकांतही जाऊन बसली. आर्डवार्क आफ्रिकेतला आणि कोआटी अमेरिका खंडातला. दोघांचे नातेही नाही. मात्र अशा प्रसंगी आता प्रश्न उभा राहतो तो असा की, छापील पुस्तकांत जे नाव आले आहे, ते नाव प्रचलित नाही असे म्हणायचे कोणत्या तोंडाने?

या अनुभवानंतर मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे. एखाद्या जुन्या, विनासंदर्भ विधानाला संदर्भ शोधायचा असेल, तर प्रथम ते विधान लेखात कोणत्या दिवशी आले हे इतिहासात पाहायचे, आणि जो स्रोत हाती लागेल तो त्या दिवसाच्या आधीचा आहे की नंतरचा हे तपासायचे. नंतरचा असेल, तर त्या लेखकाला ही माहिती कोठून मिळाली असेल याचा विचार करायचा. दोन तारखा शेजारी ठेवण्याचे हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि तरीही ते फार थोडे संपादक करतात. ‘संदर्भ हवा’ हा साचा लावणाऱ्याचा हेतू ‘याच्या पाठीमागे काही आहे का ते पाहा’ असा असतो. आपण मात्र तो ‘येथे काहीतरी चिकटवा’ असा वाचतो. आधी विधान आणि मग त्याला शोभेल असा स्रोत, हा क्रमच मुळात उलटा आहे, कारण गूगलवर १९११ हे वर्ष टाकून शोधणाऱ्याला १९११ हेच वर्ष सापडणार.

संदर्भ आहेत म्हणजे लेख पक्का, असा समज किती महाग पडतो याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठी वाचकांना जरा जास्तच झोंबावे असे आहे. इंग्रजी विकिपीडियावर जुलै २००७ मध्ये डिचोलीच्या संघर्षावर एक सविस्तर लेख लिहिला गेला. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४० ते १६४१ या काळात झालेल्या अघोषित युद्धाचे त्यात वर्णन होते, तळटीपा होत्या, ग्रंथांची नावे होती, भाषा ऐटदार होती. काही आठवड्यांतच, म्हणजे सप्टेंबर २००७ मध्ये, त्या लेखाला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला आणि तो पाच वर्षांहून अधिक काळ टिकला. डिसेंबर २०१२ मध्ये एका संपादकाने त्यातील ग्रंथ शोधायला सुरुवात केली, तेव्हा ते ग्रंथ कोठेच नसल्याचे दिसले. ते युद्धही कोठे नव्हते, आणि लेख काढून टाकण्यात आला. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ मधला. १६४० मध्ये मराठा साम्राज्य कोठून येणार, हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडला असता. पण दर्जा देणाऱ्यांनी तळटीपा आहेत की नाहीत हे पाहिले, त्यांतील एकही ग्रंथ हाती घेतला नाही. हीच गोष्ट मला आजही अस्वस्थ करते, कारण मीसुद्धा अनेक लेख अशाच नजरेने तपासले आहेत. निळे छोटे आकडे ओळीने दिसले की मन निर्धास्त होते.

विकिपीडियाचे याबाबतचे धोरण ‘पडताळणीयोग्यता’ या नावाने ओळखले जाते आणि निःपक्षपाती दृष्टिकोन व मूळ संशोधनास मज्जाव या दोन धोरणांच्या जोडीने ते सर्व लेखांना लागू असते. इंग्रजी विकिपीडियावरील या धोरणाच्या आरंभी २०१२ पर्यंत असे वाक्य होते की, लेखात मजकूर घेण्याची कसोटी सत्य ही नसून पडताळता येणे ही आहे. त्या वाक्यावरून प्रचंड वाद झाले आणि अखेर ते आरंभीच्या जागेवरून हलवण्यात आले, कारण खोटे असले तरी चालेल, फक्त छापलेले हवे, असा त्याचा सोयीस्कर अर्थ अनेक जण काढू लागले होते. मूळ आशय तसा नव्हता. एखादी गोष्ट खरी आहे हे मला ठाऊक असणे पुरेसे नाही, ती वाचकालाही स्वतंत्रपणे तपासता आली पाहिजे, एवढेच त्यात सांगायचे होते. शिवाय सिद्ध करण्याची जबाबदारी मजकूर घालणाऱ्यावर किंवा टिकवू पाहणाऱ्यावर असते. ‘हे चूक आहे हे तुम्हीच दाखवा’ असे काढणाऱ्याला सुनावता येत नाही, जरी चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, ते रोज सुनावले जात असले तरी.

विश्वासार्ह स्रोत म्हणजे काय, या प्रश्नावर नवे सदस्य यादी मागतात. अमुक दैनिक चालते का, तमुक संकेतस्थळ चालते का, असे ते विचारतात. याद्या काही प्रमाणात असतातही. इंग्रजी विकिपीडियाने २०१७ मध्ये ब्रिटनमधील ‘डेली मेल’ हे वृत्तपत्र सर्वसाधारणपणे संदर्भ म्हणून वापरू नये असा निर्णय चर्चेअंती घेतला, तेव्हा त्याची बरीच वाच्यता झाली होती. तरीही विश्वासार्हता ही एखाद्या नावाला कायमची चिकटलेली पदवी नसते, ती त्या विशिष्ट विधानाच्या संदर्भात ठरते, असे माझे मत आहे. एखाद्या कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ तिच्या स्थापनेचे वर्ष सांगण्यास पुरे पडते, तिचे उत्पादन सर्वोत्कृष्ट आहे हे सांगण्यास नाही. उत्तम दैनिकातील राजकीय वार्ताहराची बातमी निवडणुकीच्या निकालासाठी भक्कम असते, पण त्याच दैनिकाच्या पुरवणीतील आरोग्यविषयक सदर औषधाच्या परिणामकारकतेसाठी अजिबात वापरू नये. तेथे अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणारा शोधलेखच पाहिजे. आणि दहा वृत्तपत्रांत एकच मजकूर आला असेल, तर तळाशी वृत्तसंस्थेचे नाव पाहावे, कारण अशा वेळी दहा स्रोत नसतात, एकच असतो. जाहिरातदाराने लिहून दिलेला आणि बातमीच्या रूपात छापलेला मजकूर ओळखणे याहून अवघड आहे. बातमीदाराचे नाव नसणे, विशेषणांची रेलचेल आणि एकाही प्रतिकूल शब्दाचा अभाव, या तीन खुणा एकत्र दिसल्या की मी तो संदर्भ बाजूला ठेवते.

प्राथमिक (संबंधित व्यक्तीचे स्वतःचे किंवा मूळ दस्तऐवज) आणि दुय्यम (त्यांविषयी इतरांनी लिहिलेले) स्रोतांचा भेद नव्या सदस्यांना सर्वाधिक अन्यायकारक वाटतो, आणि त्यांचे वाटणे अगदीच चूक नाही. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांच्या एका कादंबरीतील नायक एका विशिष्ट समीक्षकावरून घेतला असावा, असे काहींनी म्हटले होते आणि तसे इंग्रजी विकिपीडियावर नोंदवलेले होते. रॉथ यांनी ते काढण्यास सांगितले, तेव्हा लेखक हा आपल्या कृतीविषयीचा मोठा अधिकारी असला तरी दुय्यम स्रोत हवेत, असे उत्तर त्यांना मिळाले. त्यावर २०१२ मध्ये त्यांनी ‘न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर विकिपीडियाला उद्देशून जाहीर पत्र लिहिले आणि आपली प्रेरणा वेगळीच होती हे तपशीलवार सांगितले. ते पत्र छापून आल्यावर लेखाला अर्थातच त्याचा संदर्भ देता आला. या प्रसंगावर जग हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखे फारसे दिसत नाही. खाजगीत कळवलेली गोष्ट वाचकाला पडताळता येत नाही आणि प्रसिद्ध झालेली येते. शिवाय आपण स्वतः लेखक आहोत असा दावा करणाऱ्या प्रत्येकाच्या शब्दावर लेख बदलू लागले, तर पहिल्याच आठवड्यात काय होईल याची कल्पना कोणत्याही प्रचालकाला, म्हणजे देखरेखीचे विशेष अधिकार असलेल्या सदस्याला, आहे. समीक्षकांनी तसे म्हटले होते हेही खरे होते, आणि रॉथ यांनी ते नाकारले हेही खरे. दोन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्या नावावर लिहिल्या की लेखाचे काम झाले.

हयात व्यक्तींच्या बाबतीत मात्र सहनशीलतेला जागा नाही. मे २००५ मध्ये अमेरिकन पत्रकार जॉन सीगेनथालर यांच्यावरील लेखात, केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय घेतला गेला होता, असे धादांत खोटे विधान एकाने गंमत म्हणून घातले. सीगेनथालर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट केनेडी यांच्यासोबत काम केले होते. ते विधान चार महिन्यांहून अधिक काळ कोणाच्याही डोळ्यांवर आले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहून ही हकीकत मांडली आणि डिसेंबरमध्ये इंग्रजी विकिपीडियावर नोंदणीशिवाय नवा लेख सुरू करण्याची मुभा बंद झाली. हयात व्यक्तींच्या चरित्रांविषयीचे कडक धोरणही त्याच सुमारास आकाराला आले. अशा लेखातील विनासंदर्भ आणि वादग्रस्त विधानाला मी साचा लावत बसत नाही, ते तत्काळ काढते. चर्चा नंतर करता येते.

आता संदर्भ प्रत्यक्ष कसा द्यावा याविषयी. ही गोष्ट मी एका उदाहरणानेच दाखवते, कारण नियमपुस्तिका कोणी वाचत नाही. एका धरणावरील लेखात, धरणाची उंची, बांधकामाचा कालखंड, विस्थापितांची संख्या आणि पुनर्वसनातील त्रुटी अशी चार वाक्ये असलेला एक परिच्छेद होता आणि अगदी शेवटी एकच संदर्भ-खूण होती. खुणेखाली फक्त एका शासकीय अहवालाचे नाव होते. ना वर्ष, ना पान. अहवाल चारशेहून अधिक पानांचा निघाला. मी तो चाळला, तेव्हा उंची आणि कालखंड एका परिशिष्टातील तक्त्यात मिळाले, विस्थापितांची संख्या दुसऱ्या प्रकरणात मिळाली पण ती लेखातील संख्येहून वेगळी होती, आणि पुनर्वसनातील त्रुटींविषयी त्यात चकार शब्द नव्हता, जे शासकीय अहवालात अपेक्षितच होते. म्हणजे एका खुणेच्या आधारावर उभ्या असलेल्या चार वाक्यांपैकी दोनच वाक्यांना आधार होता. मी पहिल्या दोन वाक्यांच्या शेवटी परिशिष्टाच्या पानासह संदर्भ दिला, तिसऱ्या वाक्यातील संख्या बदलून तिला तिचे स्वतंत्र पान दिले आणि चौथ्या वाक्यासाठी एका समाजशास्त्रीय नियतकालिकातील शोधनिबंध शोधला, त्यात ते मत कोणाचे आहे हे पाहून ते त्या अभ्यासकाच्या नावानेच लिहिले. एक परिच्छेद आणि एक अख्खी संध्याकाळ. पान क्रमांक नसलेला ग्रंथाचा संदर्भ म्हणजे शहराचे नाव लिहून घर क्रमांक न लिहिलेला पत्ता आहे, असे मी सदस्यांना अधूनमधून सुनावते. त्यांना ते फारसे आवडत नाही.

याच संदर्भात आणखी एक आग्रह आहे. जे आपण वाचले, त्याचाच संदर्भ द्यावा. एखाद्या अलीकडच्या ग्रंथात शंभर वर्षांपूर्वीच्या दस्तऐवजाचा उतारा वाचून थेट त्या दस्तऐवजाचा संदर्भ देण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण तो अधिक भारदस्त दिसतो. पण अलीकडच्या लेखकाने उतारा चुकीचा उतरवला असेल, तर त्याची चूक आपण मूळ दस्तऐवजाच्या माथी मारतो. ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. पुस्तकांचे आयएसबीएन आणि शोधनिबंधांचे डीओआय हे ओळख-क्रमांक, आवृत्ती आणि वर्ष हे तपशीलही द्यावेत, कारण आवृत्ती बदलली की पाने सरकतात. विकिपीडियाच्या व्हिज्युअल एडिटर या संपादन-साधनात दुवा चिकटवला की संदर्भ आपोआप तयार होतो ही मोठी सोय आहे, परंतु ते यंत्र अनेकदा संकेतस्थळाचे नाव लेखकाच्या जागी घालते. तयार झालेला संदर्भ एकदा डोळ्यांखालून घालणे भाग आहे. दुवे मरतात, हेही ओघाने आलेच. जालावरील पानांच्या प्रती जतन करणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने २०१८ मध्ये जाहीर केले की विकिपीडियावरील नव्वद लाखांहून अधिक तुटलेले दुवे त्यांच्या जतन केलेल्या प्रतींनी पुन्हा जोडले गेले आहेत. संदर्भ देतानाच त्या पानाची प्रत याच संस्थेच्या वेबॅक मशीनवर जतन करून तो दुवाही शेजारी लिहिला, तर पुढच्या संपादकाची धावपळ वाचते. पैसे भरून वाचावी लागणारी नियतकालिके आवाक्याबाहेरची वाटतात, पण ‘विकिपीडिया लायब्ररी’ ही सुविधा किमान पाचशे संपादने केलेल्या आणि सहा महिन्यांहून जुने खाते असलेल्या सक्रिय सदस्यांना अनेक संग्रह मोफत उघडून देते. पैसे मोजावे लागतात म्हणून तो संदर्भ अग्राह्य ठरत नाही, हे येथेच सांगून ठेवते, कारण त्या कारणाने काढलेले चांगले संदर्भ मी पाहिले आहेत.

ज्या भाषांत छापील आणि जालावरील साधने तुलनेने कमी आहेत, त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. तेथे पुष्कळ लेख इंग्रजीतून अनुवादित होऊन येतात आणि अनुवादाबरोबर संदर्भही जसेच्या तसे उचलले जातात. अनुवादकाने त्यांतील एकही उघडलेला नसतो. इंग्रजी लेखात ज्या वाक्याला तो संदर्भ होता ते वाक्य अनुवादात दोन वाक्यांत फुटलेले असते आणि खूण भलत्याच वाक्यापाशी जाऊन बसलेली असते. मी आता अनुवाद करताना जेवढे संदर्भ स्वतः पाहता येतील तेवढीच वाक्ये घेते, लेख तोकडा झाला तरी हरकत नाही. दुसरा प्रश्न अधिक खोल आहे, तो म्हणजे जे ज्ञान कोणी लिहूनच ठेवले नाही त्याचे काय करायचे. २०११ मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका येथे याबाबत एक प्रयोग झाला, त्यात लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या मौखिक संदर्भ म्हणून मल्याळम, हिंदी आणि उत्तर सोथो विकिपीडियांसाठी वापरून पाहण्यात आल्या. आक्षेप आले, ते येणारच होते, कारण मुलाखत घेणारा संपादक स्वतःच स्रोत निर्माण करत होता. माझे मन या प्रश्नावर अजून दोन्हीकडे झुकते. परंतु छापलेले तेवढेच खरे असे मानले, तर ज्यांच्याजवळ छापखाने नव्हते त्यांच्याविषयी विश्वकोश कायमचा गप्प राहील, ही अडचण तो प्रयोग करणाऱ्यांनी नेमकी दाखवून दिली होती.

अलीकडे डिचोलीच्या लेखाची आठवण पुनःपुन्हा येते, कारण भाषा-प्रारूपांकडून, म्हणजे मजकूर रचून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, लिहवून घेतलेल्या लेखांत अस्तित्वात नसलेले ग्रंथ सर्रास दिसू लागले आहेत. शीर्षक पटण्यासारखे, लेखक त्या विषयातला, प्रकाशन संस्था खरी, आणि पुस्तक मात्र नाही. येथे आयएसबीएन जरा उपयोगी पडतो. तेरा अंकी क्रमांकातील अंकांना आळीपाळीने एक आणि तीनने गुणून बेरीज केली, तर तिला दहाने निःशेष भाग गेला पाहिजे. मनाने रचलेल्या दहा क्रमांकांपैकी साधारण नऊ येथेच अडकतात. विकिपीडियाचे साचे ही तपासणी स्वतःच करतात आणि लाल अक्षरांत चूक दाखवतात. उरलेल्या एकासाठी ग्रंथालयाची सूची उघडावी लागते. आणि क्रमांक खरा असला तरी पुस्तकात ते विधान आहे की नाही, हे पाहायला पान उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंच्या लेखात आता १९१७ हे वर्ष आहे आणि त्याला प्रबंधाच्या अखेरच्या पानाचा आणि संग्रहातील परिचयाचा असे दोन संदर्भ आहेत. माणसे स्वतःच्या वयाविषयी नेहमीच खरे सांगतात असे नाही, म्हणून केवळ प्रबंधावर विसंबले नाही. मृत्युलेखात १९११ हे वर्ष आहे, याची नोंद तळटीपेत ठेवली आहे, आणि मी स्वतः जोडलेला तो संदर्भ का काढला याचे सविस्तर निवेदन चर्चा पानावर केले आहे. दरम्यान ते चुकीचे वर्ष चरित्रकोशासारख्या दिसणाऱ्या चार-पाच संकेतस्थळांवर पोहोचले होते, त्यांपैकी दोघांना मी पत्रे पाठवली. एकाने दुरुस्ती केली. गेल्या महिन्यात एका नव्या सदस्याने आमच्या लेखातील १९१७ खोडून पुन्हा १९११ केले, आणि नियमाला धरून संदर्भही दिला. मी दुवा उघडला. आकर्षक मांडणीचे पान होते, बाईंचे छायाचित्र होते, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘माहिती : विकिपीडिया’ असे लिहिलेले होते. मी बदल उलटवला, त्या सदस्याच्या पानावर स्वागताचा साचा लावून खाली चार ओळी लिहिल्या, आणि प्रबंधाच्या त्या पानाचा क्रमांक त्याला कळवला.